संगणकाचा राखणदार निवडताना

शेगावातील व्यापारी घरांत लाल कापडी बांधणीच्या वह्यांची जागा आता संगणकाने घेतली आहे. धंदा कापसाचा असो, धान्याचा असो की किराण्याचा, दिवसाची विक्री, उधारी, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार हे सारे एकाच यंत्रावर होते. संध्याकाळी त्याच यंत्रावर मुलांचा अभ्यास चालतो आणि नातेवाइकांनी पाठवलेली छायाचित्रे उघडली जातात. पूर्वीच्या वहीला कपाट आणि कुलूप होते. तिच्या जागी आलेल्या यंत्राला मात्र दुकानदाराने सुचवलेले कोणतेही अँटिव्हायरस चालते. कापसाची प्रत चिमटीत धागा ताणून पारखणारा व्यापारी ही एक खरेदी न पारखताच करतो.

या निष्काळजीपणाची किंमत लहान नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. रॅन्समवेअर म्हणजे खंडणीखोर आज्ञावली. ती यंत्रात शिरली की सर्व फायलींना सांकेतिक कुलूप घालते आणि किल्लीसाठी पैसे मागते. अशा वेळी यंत्राची दुरुस्ती ही गौण बाब ठरते. कोणाकडून किती येणे आहे, याचा पुरावाच नाहीसा होतो, हे खरे नुकसान.

अँटिव्हायरसचे काम समजण्यास बँकेतील नमुना सहीचे उदाहरण उपयोगी पडते. बँक खातेदाराच्या खऱ्या सहीचा नमुना जपते आणि धनादेशावरील सही त्याच्याशी ताडून पाहते. अँटिव्हायरस याच्या उलट करते. ते ज्ञात घातक आज्ञावलींच्या खुणा जपते आणि येणारी प्रत्येक फाइल त्यांच्याशी ताडून पाहते. या खुणांची यादी रोज वाढत असते, म्हणून ती अद्ययावत नसेल तर राखणदार जागा असूनही आंधळा असतो. नव्या आज्ञावलीची खूण यादीत नसते, त्यामुळे चांगले अँटिव्हायरस वर्तनावरही नजर ठेवते. एखादी आज्ञावली अचानक शेकडो फायली बदलू लागली, तर ते तिला अडवते.

या क्षेत्रातील एक मोठे नाव महाराष्ट्रातच घडले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीस येणाऱ्या अनेक संगणकांत बिघाड यंत्राचा नसून व्हायरसचा असतो, हे त्यांच्या लक्षात आले. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय लिहिला आणि १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले. २०१६ मध्ये या कंपनीचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. गिऱ्हाइकाची अडचण नेमकी ओळखण्यातून उभा राहिलेला हा व्यवसाय व्यापारी कुटुंबांना जवळचा वाटावा असा आहे. तथापि, आपल्या राज्यातील कंपनी एवढ्याच कारणाने कोणताही माल घेऊ नये. पारख सर्वांना सारखीच लावावी.

पारखीचा पहिला प्रश्न असा, की वेगळे अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज आहे का? विंडोज १० व ११ या प्रणालींत मायक्रोसॉफ्टचे ‘डिफेंडर’ मुळातच असते आणि त्याला वेगळे शुल्क नाही. प्रणाली अधिकृत आणि अद्ययावत असेल, तर साध्या घरगुती वापरास ते बहुधा पुरते. पैसे मोजायचे ते एखाद्या ठरावीक सोयीसाठी: बँक व्यवहारांसाठी वेगळा सुरक्षित ब्राउझर, मुलांच्या वापरावर मर्यादा, किंवा अडचणीच्या वेळी फोनवर मराठी वा हिंदीत मिळणारी मदत. यांपैकी काहीच नको असेल, तर विकत घेण्याला अर्थ उरत नाही.

दुसरा प्रश्न गुणवत्तेचा. खोक्यावरील जाहिरातीपेक्षा त्रयस्थाची चाचणी अधिक विश्वासार्ह. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था नियमित चाचण्या घेऊन निकाल इंटरनेटवर प्रसिद्ध करतात. घातक फायली किती पकडल्या, यंत्र किती मंदावले आणि निर्दोष फायलींना किती वेळा दोषी ठरवले, हे तिन्ही आकडे पाहावेत. जुन्या संगणकावर यंत्राचा वेग ही लहान बाब नाही. राखणदारामुळे बिल निघण्यास वेळ लागू लागला, की कोणीतरी कंटाळून त्याला बंदच करते.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत पाहून निर्णय घेऊ नये, नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. परवाना किती यंत्रांसाठी आहे, त्यात मोबाइल धरला आहे का, आणि मुदतीअखेर खात्यातून रक्कम आपोआप वळती होणार का, हेही विचारून घ्यावे. पक्के बिल घ्यावे. चोरीची प्रत किंवा परवाना तोडणारी आज्ञावली कधीही बसवू नये. त्यात अप्रामाणिकपणा तर आहेच, शिवाय व्हायरसला घरात शिरण्याची ती नेहमीची वाट आहे. दोन अँटिव्हायरस एकत्र बसवल्यानेही सुरक्षा दुप्पट होत नाही. दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजतात आणि यंत्र अडखळते.

मात्र उत्तम राखणदारालाही मर्यादा असतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. विंडोजमधील ज्या त्रुटीतून ते शिरले, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न बसवणाऱ्यांचे नुकसान झाले. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहेत. त्यामुळे मुदतवाढीची सोय न घेतलेल्या यंत्रावर नवे अँटिव्हायरस बसवणे म्हणजे मोडक्या दाराला भारी कुलूप लावणे होय.

२०१७ मध्येच २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ हा हल्ला झाला. त्याचा उगम व्यापाऱ्यांना विशेष विचार करायला लावणारा आहे. तो युक्रेनमधील एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक त्याने जगभर निकामी केले आणि मुंबईजवळील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कंपनीच्या संगणक जाळ्याची मूळ नोंद ठेवणाऱ्या जवळजवळ सर्व यंत्रांतील माहिती नष्ट झाली. वाचली ती घाना देशातील एका कार्यालयातील प्रत, कारण वीज गेल्यामुळे तेथील यंत्र त्या वेळी जाळ्यापासून तुटलेले होते. त्या एका प्रतीच्या आधारे पुढची उभारणी झाली.

जे तेथे योगायोगाने घडले, ते शेगावच्या घरात ठरवून करता येते. हिशेबाच्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी, काम होताच डिस्क काढावी आणि कपाटात ठेवावी. सतत जोडलेली डिस्क मूळ फायलींबरोबरच कुलूपबंद होते. दोन डिस्क आलटून पालटून वापरल्या आणि एक घरी, एक दुकानात ठेवली, तर अधिक चांगले. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी जुनी खतावणी उघडूनही पाहावी. न तपासलेली प्रत म्हणजे न वटवलेला धनादेश.

इतके करूनही खात्यातून अनोळखी रक्कम गेल्यास प्रथम इंटरनेट तोडावे. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने येथे वेळेला मोल दिले आहे. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर तोशीस येत नाही. मात्र पासवर्ड वा ओटीपी स्वतःच दुसऱ्यास दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच.

पूर्वी पेढीवर रोजमेळ जुळल्याशिवाय दिवा मालवला जात नसे आणि ते काम कोणाचे, हे ठरलेले असे. संगणकाच्या बाबतीतही घरातील एका व्यक्तीकडे, मग ती सून असो वा कॉलेजात जाणारा मुलगा, ही जबाबदारी सोपवावी. शनिवारी अपडेट पाहणे, प्रत घेणे आणि डिस्क कपाटात ठेवणे, एवढेच ते काम.