व्हायोलाचे सूर आले कुठून?

मे १९८६मध्ये जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला. त्याच वर्षी त्याच्या संगीताचा अल्बम निघाला आणि तो वाजवला होता टोकियो स्ट्रिंग्ज एन्सेंबल या तंतुवाद्यवृंदाने. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये मैफल झाली. व्हिडिओ गेमच्या संगीताची ही पहिली जाहीर मैफल मानली जाते. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे संगीतकार कोइची सुगियामा तेव्हा पंचावन्न वर्षांच्या पुढे होते. फुजी टेलिव्हिजनवर दिग्दर्शक म्हणून काम करून ते संगीताकडे वळले होते. संगणकावरच्या शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, एका खेळाबद्दल त्यांनी पुढे ‘ड्रॅगन क्वेस्ट’ काढणाऱ्या एनिक्स कंपनीला अभिप्रायाचं कार्ड पाठवलं आणि त्यातून ते या क्षेत्रात आले.

हा गेम ज्यावर चाले त्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्राच्या ध्वनिचिपमध्ये चालीसाठी वाटा तीनच होत्या: दोन ‘पल्स’ लहरींच्या, एक ‘ट्रायँगल’ लहरीची. चौथी वाट खरखरीची, तालवाद्यांची नक्कल करण्यापुरती. पाचवी छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांची. पल्सचा आवाज १६ पायऱ्यांत कमीजास्त करता येई. ट्रायँगल मात्र एक तर वाजे, नाही तर गप्प राही. खेळातले इतर आवाजही याच वाटांनी येत आणि तेवढा वेळ चालीचा एखादा सूर गिळला जाई. सूर इतके थोडे, म्हणून त्या काळचे संगीतकार कॉर्डचे, म्हणजे एरवी एकत्र वाजणारे, सूर झरझर एकामागून एक वाजवत. तानपुऱ्याच्या तारा पाळीपाळीने छेडल्या तरी कानाला एकच भरलेला नाद मिळतो, तसंच हे.

सुगियामांनी बारोक संगीताचा आधार घेतला. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधल्या किल्ल्याचं संगीत बाखच्या वळणाचं आहे. त्यात दोन स्वतंत्र स्वरावली एकमेकींशी बोलत राहतात आणि त्यांच्यामधली कॉर्ड प्रत्यक्ष न वाजताही कळते.

असं संगीत तंतुवाद्यांसाठी लिहिताना सुरुवात सोपी असते. वरचा पल्स पहिल्या व्हायोलिनांकडे, खालचा दुसऱ्या व्हायोलिनांकडे, ट्रायँगल चेलोकडे जातो. डबल बास चेलोचेच सूर एक सप्तक खाली वाजवतो. उरतो व्हायोला. त्याच्यासाठी खेळात सूरच नाहीत. ते अरेंजरला, म्हणजे चाल वाद्यवृंदासाठी बांधणाऱ्याला, लिहावे लागतात, आणि त्याची खरी परीक्षा इथेच होते. चाल आणि बास मिळून जी कॉर्ड सुचवतात ती व्हायोलाने स्पष्ट करायची, पण दोन स्वरावलींमधली मोकळी जागा बुजवायची नाही. ती बुजली की संगीत जड होतं आणि खेळणाऱ्याला आपली चाल ओळखू येत नाही.

पुढचा प्रश्न गजाचा. चिपवरचा सूर क्षणात सुरू होतो, क्षणात थांबतो. व्हायोलिनवादकाला मात्र एका गजात किती सूर घ्यायचे, गज कुठे उलटायचा, हे ठरवून द्यावं लागतं. चिप न थकता लांबलांब उड्या मारते. वादकाला झपाट्यात तार ओलांडणं अवघड जातं, म्हणून असा तुकडा पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनांत वाटून दिला जातो. शिवाय खेळातली चाल फिरून फिरून पहिल्यापासून सुरू होते, तिला शेवट नसतो. मैफलीसाठी तो लिहावा लागतो. दुसऱ्या फेरीत चाल चेलोकडे द्यायची की साथ बोटांनी छेडायची, हाही निर्णय अरेंजरचाच.

१९९०च्या सुपर फॅमिकॉममध्ये आठ वाटा आणि ध्वनीसाठी ६४ किलोबाइट स्मृती आली. सीडीच्या काळात खरा वाद्यवृंदच खेळात शिरला. १९९७च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या गेमसाठी मायकेल जियाकिनो यांनी तो वापरला. पण ध्वनिमुद्रित वाद्यवृंद खेळणाऱ्यासाठी थांबत नाही. त्यावर उपाय म्हणून तंतुवाद्यांचे थर वेगवेगळे मुद्रित करतात. आधी नुसता लांबवलेला खर्ज वाजतो आणि धोका जवळ आला की त्यावर व्हायोलिनांची लय चढते. म्हणजे प्रत्येक थर एकटाही टिकला पाहिजे आणि इतरांत मिसळलाही पाहिजे. २०१२च्या ‘जर्नी’ या गेममध्ये ऑस्टिन विंटरी यांनी त्यातल्या प्रवाशाची ओळखच एकट्या चेलोला दिली. या संगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. २०२३मध्ये ग्रॅमीने गेमच्या संगीताला स्वतंत्र पुरस्कारही दिला.

हा मान योग्यच आहे, पण तो बहुतेकदा चालीपाशी थांबतो. सुगियामा स्वतःच स्वतःचे अरेंजर होते. पुष्कळ खेळांत हे काम दुसऱ्याच कुणाचं असतं. जे सूर खेळात कधी वाजलेच नव्हते ते ऐकूनही खेळणाऱ्याला ‘हीच ती चाल’ असं वाटतं, कारण मूळ तीन आवाजांमागचा विचार अरेंजरने नेमका ओळखलेला असतो. ही रचनाच आहे, आणि तिची दखल रचना म्हणूनच घेतली पाहिजे.