परदेशी निघताना सोबत न्यावा असा घडीचा नकाशा

मूळचे अकोल्याचे, पण आता अमरावतीत स्थायिक झालेले एक निवृत्त गुरुजी गेल्या वर्षी अमेरिकेहून परतल्यावर तपासणीसाठी माझ्याकडे आले. वजन चार किलोंनी वाढलेले, गुडघे आखडलेले आणि साखरही चढलेली. येथे रोज पहाटे तासभर चालणारे हे गृहस्थ न्यू जर्सीला मुलाकडे गेल्यावर चालणे विसरले कसे, असे मी विचारले. उत्तर असे मिळाले, की दुसऱ्याच आठवड्यात संध्याकाळी फिरायला गेले असता ते वाट चुकले. सगळी घरे सारखी, सगळी वळणे सारखी. मोबाइलची बॅटरी संपलेली, आणि घराचा पत्ता व मुलाचा क्रमांक दोन्ही त्या मोबाइलमध्येच. दीड तासाने सून गाडी घेऊन शोधत आली. “डॉक्टरसाहेब, रस्ता इचाराले मानूसच नव्हता जी!” गुरुजी म्हणाले. त्यानंतर परत येईपर्यंत ते एकटे घराबाहेर पडले नाहीत.

आपल्या वऱ्हाडात वाट विचारणे हाच नकाशा असतो. पारावर, पानठेल्यावर, एसटीच्या थांब्यावर कोणी ना कोणी सांगणारा भेटतोच. परदेशातील उपनगरांत पायी चालणारा माणूस क्वचितच दिसतो. म्हणून मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांच्या सामानात औषधांच्या पिशवीशेजारी एक टिकाऊ, घडीचा, छापील नकाशा असावा, असे माझे मत झाले आहे. मोबाइल जवळ असावाच. परंतु नकाशाला बॅटरी लागत नाही आणि त्यावर संपूर्ण परिसर एका दृष्टिक्षेपात दिसतो. मात्र तो निवडताना किंमत वा चित्रे न पाहता, तो वापरणाऱ्याचे डोळे, हात आणि पावले विचारात घ्यावीत.

आधी पावले, म्हणजे प्रमाण

नकाशाच्या कोपऱ्यात त्याचे प्रमाण छापलेले असते. २०२२ च्या जून महिन्यात अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला, हे आपणास स्मरत असेल. तेवढाच रस्ता १:१०,००,००० प्रमाणाच्या नकाशावर अवघा साडेसात सेंटिमीटर भरेल. १:५०,००० प्रमाणावर मात्र तो दीड मीटर लांब होईल. पहिल्या प्रकारचा नकाशा मोटारीने राज्य ओलांडणाऱ्यांसाठी असतो. पायी फिरणाऱ्यास त्याचा उपयोग नाही. ज्येष्ठांसाठी १:१०,००० ते १:२०,००० या प्रमाणाचा, गल्ल्यांची नावे दाखवणारा शहराचा नकाशा घ्यावा. १:१०,००० मध्ये एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर, हा हिशेब कोणालाही सोपा. सहलीचा बेत असल्यास राज्याचा किंवा देशाचा रस्ते-नकाशा वेगळा घ्यावा.

मग डोळे

वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि निळ्या-हिरव्या छटांतील फरक अंधूक होतो. मोतीबिंदू असल्यास फिकी अक्षरे पार्श्वभूमीत मिसळून जातात. तेव्हा ठळक काळी अक्षरे व मोजके रंग असलेला नकाशा निवडावा. ज्यांनी तो वापरायचा, त्यांनी स्वतःच्या चष्म्याने, हातभर अंतरावरून, गल्लीचे नाव वाचून पाहावे. तो ट्यूबलाइटखाली तिरका धरून चकाकतो का, हेही तपासावे. चकचकीत आवरणावर दिवसाच्या उन्हातही काही दिसत नाही. एक छोटे भिंग सोबत असणे उत्तम.

शेवटी हात, आणि टिकाऊपणा

साधा कागदी नकाशा सर्वांत आधी फाटतो तो दोन घड्या एकमेकींना छेदतात त्या ठिकाणी. नेमके तेथेच भोक पडते. यावर तीन उपाय आहेत. प्लॅस्टिकचे आवरण दिलेला नकाशा भिजत नाही. पण तो जड व ताठ असतो आणि संधिवाताच्या बोटांना आवरत नाही. कृत्रिम कागदावर छापलेला नकाशा हलका असतो, सहज फाटत नाही व पाण्यानेही बिघडत नाही. जर्मनीची राइझे नो-हाऊ आणि अमेरिकेची नॅशनल जिऑग्राफिक या संस्था असे नकाशे काढतात. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांचीही पाणी न लागणारी आवृत्ती मिळते. अशा कागदावर काही वेळा साधे बॉलपेन नीट उमटत नाही, तेव्हा कायम शाईचे मार्कर लागते. आणि तो उष्णतेपासून दूर ठेवावा लागतो. तिसरा उपाय घडीचा. पंख्यासारखी एकाच दिशेने उलगडणारी घडी थरथरत्या हातांना सर्वांत सोयीची. जपानी शास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांनी शोधलेल्या तिरकस घडीत समोरासमोरचे दोन कोपरे ओढताच पूर्ण नकाशा उलगडतो आणि उलट ढकलताच मिटतो. हीच घडी १९९५ साली अवकाशात गेलेल्या जपानी यानाच्या सौर पटलासाठी वापरली गेली.

विकत घेण्यापूर्वी नकाशा तीनदा उघडून मिटून पाहावा. चौथ्यांदा कोणाची मदत लागत असेल, तर तो आपला नव्हे. छपाईचे वर्षही पाहावे. आपल्या गावात असे नकाशे सहसा मिळत नाहीत; म्हणून मुलांनीच तेथून दोन प्रती घ्याव्यात आणि एक आधी पाठवावी. अमेरिकेत अनेक राज्यांचे रस्ते-नकाशे प्रवासी स्वागत केंद्रांवर विनामूल्यही मिळतात.

कुटुंबीयांसाठी

नकाशा हाती देऊन काम संपत नाही. त्यावर घराभोवती लाल वर्तुळ काढा. उद्यान, ग्रंथालय, औषधाचे दुकान आणि बसचा थांबा यांच्या खुणा करा. मागील बाजूस ठळक अक्षरांत घराचा पत्ता, दोन दूरध्वनी क्रमांक, आजार, औषधे व औषधांची ॲलर्जी लिहा. आपत्कालीन क्रमांकही लिहा: अमेरिकेत ९११, युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. पहिले दोन-तीन दिवस सोबत चाला. नकाशा मात्र आई-वडिलांच्या हाती राहू द्या.

एक इशारा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याची साखर एकाएकी उतरली, तर ओळखीचा रस्ताही परका वाटू शकतो. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर असावी. तसेच, मेंदूतील स्थान व दिशा ओळखणाऱ्या पेशींच्या शोधासाठी २०१४ चे नोबेल पारितोषिक जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोसर आणि एडवर्ड मोसर यांना मिळाले. मेंदूचा हाच भाग अल्झायमरमध्ये लवकर बाधित होतो. म्हणून राजकमल चौकातून अंबादेवीला जाण्याची वर्षानुवर्षांची वाट जर कोणी वारंवार चुकू लागले, तर ते वयाचे म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे न्यावे. अशा व्यक्तीस नकाशाच्या भरवशावर एकटे पाठवू नये.

गुरुजी येत्या महिन्यात पुन्हा न्यू जर्सीला निघाले आहेत. परवा औषधांची यादी घेण्यास आले, तेव्हा मुलाने पाठवलेला नकाशा त्यांनी माझ्या टेबलावर उलगडला आणि घरापासून उद्यानापर्यंत बोट फिरवून दाखवले. एका गल्लीचे नाव त्यांना वाचता येईना. मी माझे भिंग त्यांना देऊन टाकले आणि यादीच्या शेवटी, औषधांच्या खाली, लिहिले: रोज तासभर चालणे.