हत्यारांची ट्रॉली : आधी यादी, मग खरेदी

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर सकाळी दुकाने उघडली की पाने, पकडी, कानशी, ड्रिल मशीन यांचा पसारा थेट पायरीपर्यंत येतो. अशा लोखंडी मालाच्या उलाढालीवर ज्यांचे संसार उभे राहिले, अशी व्यापारी घराणी महाराष्ट्रात गावोगाव आहेत. दुकानात दहा जातींच्या हातोड्या टांगलेल्या असतात आणि घरी एक खिळा ठोकायचा तर शेजाऱ्यांचे दार वाजवावे लागते, ही थट्टा त्या घरांना अपरिचित नाही. अलीकडे मात्र चित्र थोडे पालटू लागले आहे. पेढीची सूत्रे मुलाकडे सोपवून मोकळे झालेले आजोबा, सुटीत घरी आलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नळाची आणि विजेची किरकोळ कामे स्वतःच उरकणारी सून, यांपैकी कोणाच्या तरी हौसेने गच्चीवरच्या खोलीत, बंदिस्त गॅलरीत किंवा दुकानामागच्या मोकळ्या जागेत एक छोटी कार्यशाळा आकार घेते. हत्यारे प्रथम बिस्किटांच्या डब्यात राहतात, मग बादलीत, मग पलंगाखाली. हवा तो पाना हव्या त्या वेळी सापडत नाही, म्हणून तोच पाना पुन्हा विकत आणला जातो. असे दोन-तीनदा घडले की चाके लावलेल्या, खणाखणांच्या ट्रॉलीचा विषय घरात निघतो.

ही ट्रॉली दिसायला कपाट असली तरी वागायला हातगाडी आहे. रिकामी असताना दोन माणसे ती उचलू शकतात. भरल्यावर तिचे वजन दोन माणसांच्या वजनाहून सहज अधिक होते, आणि तो सारा भार चार चाकांवर, घरातल्या मुलाबाळांच्या वाटेत उभा असतो. धान्याच्या पोत्यापासून मोटारीपर्यंत सर्व काही पारखून घेणारी माणसेही ही वस्तू मात्र लाल रंग, चकाकणारी मूठ आणि खणांची संख्या पाहून पसंत करतात. खरेदीची सुरुवात दुकानात न होता घरी, कागद-पेन्सिल घेऊन व्हावयास हवी.

या बाबतीत सव्वादोनशे वर्षांपूर्वीची एक इंग्रज पेटी पाहण्यासारखी आहे. केंट परगण्यातील रॉचेस्टर येथील गिल्डहॉल संग्रहालयात ती जतन करून ठेवली आहे. चॅटमच्या जोसेफ सीटन यांनी १७९६ च्या डिसेंबरात आपला मुलगा बेंजामिन याच्यासाठी लंडनच्या ख्रिस्टोफर गॅब्रिएल या हत्यारविक्रेत्याकडून सुतारकामाची हत्यारे एकगठ्ठा विकत घेतली. पेटी मात्र विकत घेतली नाही. ती बेंजामिनने पुढच्या वर्षाच्या आरंभी स्वतःच्या हाताने तयार केली आणि हत्यारांची किमतींसह यादीही लिहून ठेवली. हत्यारे टिकली, पेटी टिकली आणि यादीही टिकली. त्या काळच्या सुताराजवळ काय काय असे, याचा इतका भरभक्कम पुरावा क्वचितच मिळतो. व्यापारी वाचकाला त्या यादीत सरळसरळ स्टॉकबुकच दिसेल. येथे क्रम ध्यानात घ्यावा : प्रथम हत्यारे आली, त्यांच्या मापाने पेटी बेतली गेली. आज बहुधा उलटे होते. रिकामी ट्रॉली घरी येते आणि ती भरावी म्हणून हत्यारांची खरेदी सुरू होते.

मोटारीच्या युगात हत्यारांचा स्वभावही बदलला. १९२० मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे जोसेफ जॉन्सन यांनी सॉकेट आणि दांडा परस्परांपासून सुटे करून पाच दांड्यांना दहा सॉकेट बदलून लावण्याची युक्ती बाजारात आणली. स्नॅप-ऑन ही प्रसिद्ध कंपनी त्यातूनच उभी राहिली. आपल्याकडील मेकॅनिक ज्याला गोटी पाना म्हणतो, तो हाच प्रकार. रंधा आणि करवत यांना खोल पेटी चालत होती. गोट्या, ॲलन की, ड्रिलचे बिट ही लहान, जड आणि एकमेकांसारखी दिसणारी मंडळी खोल पेटीत तळाला जाऊन बसतात. त्यांना उथळ आणि रुंद खण लागतात, ज्यात वरून एक दृष्टी टाकताच सगळे दिसावे.

तेव्हा एका रविवारी घरातील सगळी हत्यारे जमिनीवर जुनी चादर अंथरून तिच्यावर मांडावीत. दर आठवड्याला लागणारी एका बाजूला, वर्षातून चार वेळा लागणारी दुसऱ्या बाजूला. तिसरा ढीग आपोआपच होतो : गंजलेली, मोडकी, कोणाची तरी आठवण म्हणून ठेवलेली. या तिसऱ्या ढिगासाठी ट्रॉलीत जागा विकत घेण्याचे कारण नाही. शेगडा आणि ऐरण यांची जागा टेबलावर. उरलेला माल वजनकाट्यावर घालावा, आणि प्रत्येक वस्तूची उंचीही मोजावी. साध्या पान्यांना आणि स्क्रूड्रायव्हरांना ५ सेंटिमीटर उंचीचा खण पुरतो. ड्रिल मशीन आणि ग्राइंडर यांना २० सेंटिमीटरांच्या आसपास उंची लागते. दहा खणांची ट्रॉली घेऊन एकाही खणात ड्रिल मशीन मावत नाही, असे होता कामा नये.

वजनाच्या बाबतीत डोळा फसतो. पोलादाचे वजन लिटरमागे सुमारे ७.८५ किलो असते. ६० सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर खोल आणि ५ सेंटिमीटर उंच खणाचे आकारमान १२ लिटर. त्यात पाने नीट ओळीने लावले तरी मध्ये पुष्कळ हवा राहते. केवळ चौथा हिस्सा पोलाद धरले तरी ३ लिटर, म्हणजे साडेतेवीस किलो. हाताच्या चार बोटांइतक्याही उंचीच्या नसलेल्या खणात गव्हाचे जवळजवळ अर्धे पोते! असे चार खण भरले की शंभरीला टेकलोच, आणि त्यात ट्रॉलीचे स्वतःचे वजन अजून धरलेले नाही.

म्हणून विक्रेत्याला दोन आकडे स्वतंत्रपणे विचारावेत : एक खण किती भार पेलतो आणि संपूर्ण ट्रॉली किती. जाहिरातीत दुसरा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. पहिला पुष्कळदा नसतोच. चांगल्या ट्रॉलीच्या खणांना बॉल बेअरिंगचे चॅनल असतात आणि प्रत्येक खण ४५ किलोपर्यंत भार घेऊ शकतो. स्वस्त ट्रॉलीत पत्र्यावर पत्रा घासत सरकतो. असा खण हलक्या वस्तूंना चालतो, पण गोट्यांचा संच ठेवला की वर्षभरात वाकडा होतो आणि मग दोन हातांनी ओढावा लागतो. दुकानात खण पूर्ण बाहेर ओढून पाहावा. तो शेवटपर्यंत येतो की मागचा चतकोर भाग आतच राहतो? पुढच्या कडेवर तळहाताने दाब दिल्यास किती लचकतो? आजूबाजूला किती खुळखुळतो? विक्रेत्याने नाखुषी दाखवली तरी ही परीक्षा टाळू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खण बाहेर आला की ट्रॉली पुढे कलंडू शकते. तराजूची सवय असलेल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ट्रॉलीची पुढची चाके जमिनीला जिथे टेकतात ती रेषा म्हणजे तराजूचा काटा. समजा, ट्रॉलीचे वजन ४० किलो आहे आणि तिचा भारमध्य त्या रेषेच्या २० सेंटिमीटर मागे आहे. वरच्या तीन खणांत प्रत्येकी २० किलो माल आहे आणि खालचे रिकामे आहेत. खण बंद असताना त्याचा भार रेषेच्या मागे २० सेंटिमीटर पडतो, पूर्ण उघडला की तेवढाच पुढे पडतो. एक खण उघडला तर मागच्या पारड्यात १६००, पुढच्यात ४००, काळजी नाही. दोन उघडले तर मागे १२००, पुढे ८००. ट्रॉली उभी राहते, पण कोणी उघड्या खणावर हात टेकून वाकले तर उभी राहीलच असे नाही. तिन्ही उघडले तर मागे ८००, पुढे १२००. शंभर किलोंचा ऐवज समोरच्या माणसाच्या अंगावर. मोठा माणूस कदाचित बाजूला उडी मारील. खणांच्या पायऱ्या करून वर चढू पाहणाऱ्या चार वर्षांच्या मुलाचे काय? मुले खण एकेक करून उघडत नाहीत, सगळे उघडतात.

काही ट्रॉलींत एक खण उघडला की बाकीचे आपोआप अडकून राहतात. घरात लहान मूल असेल तर रंग, मूठ, बाटली ठेवायची जाळी हे सगळे सोडून द्यावे आणि या एका सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत. ती मिळत नसेल तर दोन गोष्टी न चुकता कराव्यात. ट्रॉलीची नेहमीची जागा ठरवून तेथे भिंतीत पक्का हूक बसवावा आणि काम नसताना ती पट्ट्याने बांधून ठेवावी. आणि सर्व खणांना मिळून असलेले कुलूप रोज लावावे. किल्ली कुलपालाच लटकत ठेवणे ही आपल्या घरांतली जुनी खोड आहे. जड वस्तू खालच्या खणांत ठेवाव्यात, हा सल्ला योग्यच आहे, पण त्याचे कारण नीट समजून घ्यावे. उघडलेला खण वरचा असो वा खालचा, पुढच्या पारड्यात तो सारखाच पडतो. भार खाली असल्याचा लाभ होतो तो ट्रॉली ढकलताना आणि उंबरठा ओलांडताना, कारण तेव्हा वरचा भार डुलतो.

चाकांवर चालण्यासाठीच ही वस्तू घ्यायची, आणि काटकसर नेमकी चाकांतच झालेली असते. एका चाकाची क्षमता ६० किलो असेल तर चारांची २४० असे विक्रेता सांगेल. परंतु घरची फरशी कधीच पूर्ण सपाट नसते. गॅलरीत पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, शहाबादीच्या सांध्यांत उंचसखलपणा असतो. एक चाक अधांतरी राहते आणि भार तिघांवर येतो. म्हणून हिशेब तीनच चाकांचा, १८० किलोंचा धरावा. चाकाचा व्यास जितका मोठा तितके ते सांध्यांवरून आणि उंबरठ्यावरून सहज जाते. १२५ मिलिमीटरांचे, म्हणजे पाच इंची चाक घरासाठी उत्तम. नायलॉनचे कठीण चाक फरशीवर खडखडते आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. रबराचे चाक एकाच जागी महिनोन्‌महिने दबून राहिले तर एका बाजूने चपटे होते, शिवाय टाइलवर काळे ओरखडे उठतात. पॉलियुरेथेनचे चाक महाग पडले तरी या दोन्ही तक्रारींपासून दूर असते. फिरत्या चाकांपैकी निदान दोघांना ब्रेक हवेत.

पत्र्याच्या जाडीविषयी थोडक्यात. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे या धंद्यातल्यांना ठाऊक असले तरी घरच्यांना सांगून ठेवावे. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९, २२ गेज ०.७. सांगाड्याला १८ किंवा २० गेज असावा. खणांना थोडा पातळ चालतो. पत्र्याची घडी जिथे वळते तिथे रंगाचा थर उडाला आहे का, हे बोट फिरवून पाहावे, कारण पावसाळ्यात गंज तिथूनच धरतो.

पावसाळ्याचा उल्लेख आलाच आहे, तर कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांनी तो अधिक मनावर घ्यावा. खारट, दमट हवेत बंद खणातले पोलाद उघड्यावरच्या पोलादाइतकेच गंजते, फक्त ते दिसत नाही. खणात अंथरलेल्या रबरी चटईखाली ओल साठते. जूनपूर्वी ती काढून उन्हात घालावी. हत्यारांवरून मशीन ऑइलचे पुसट बोट फिरवावे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या मधूनमधून वाळवाव्या लागतात, अन्यथा काही काळाने त्या नुसत्याच पडून असतात. ट्रॉली ओलसर भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी. थिनर, पेट्रोल आणि चार्जिंगला लावलेली बॅटरी यांना बंद खणात कधीही जागा देऊ नये.

तयार ट्रॉलीला आणखी एक पर्याय आहे आणि तो अनेकांना सुचतच नाही : घरचा सुतार. स्वयंपाकघरातील खणांना जे टेलिस्कोपिक चॅनल लागतात, त्यांतले ४५ किलोंच्या जोडीचे चॅनल, चांगले वॉटरप्रूफ प्लायवुड आणि बाजारातून आणलेली पाच इंची चाके, एवढ्या साहित्यात आपल्या यादीप्रमाणे, आपल्या कोपऱ्याच्या मापाची ट्रॉली तयार होते. ड्रिल मशीनला हवा तेवढा खोल खण, पान्यांना हवे तेवढे उथळ. एकाच वेळी एक खण उघडण्याची सोय तीत होणार नाही, त्यामुळे भिंतीचा हूक येथे सक्तीचा. लाकूडकाम आवडणाऱ्या घरात तर ही ट्रॉलीच कार्यशाळेतले पहिले काम ठरू शकते.

ट्रॉली कोणतीही घेतली तरी पैसे देण्यापूर्वी घरातला सर्वांत अरुंद दरवाजा, लिफ्ट आणि जिन्याचे वळण मोजावे. मूठ आणि चाके धरून बाहेरचे माप घ्यावे. घरी आल्यावर पहिला महिनाभर वरचा एक खण रिकामा सोडावा आणि काम संपल्यावर हातातले हत्यार आपापल्या जागी न ठेवता त्या खणात ठेवू द्यावे. महिन्याच्या शेवटी त्या खणात जे सापडेल, तेच वर, हाताशी ठेवायचे सामान.