गोंद बदनाम, ताण मोकाट

“गोंद मुळात उतरतो आणि मूळ जाळतो.” मुंबईच्या मनोरीत लग्नसराई आली की हे वाक्य कानावर पडलं नाही असं होत नाही. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरात उंबराच्या पाण्याच्या विधीची तयारी चाललेली असते, नवरीचे केस जेमतेम खांद्यापर्यंत असतात, आणि मालाडच्या पार्लरमधून ती कमरेपर्यंतचे केस लावून मार्व्याच्या बोटीतून उतरते. मग मावशी, आत्या, शेजारीण सगळ्यांचा एकच निकाल: सहा महिन्यांत टक्कल पडणार. यातली चिडायला लावणारी गोष्ट अशी की टक्कल खरंच पडू शकतं. गोंदाला मात्र त्यासाठी फुकट बोल लागतो.

डोक्याबाहेर दिसणारा केस हा मृत केराटिनचा धागा आहे. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाही, म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत भाग आहे तो टाळूच्या आत, काही मिलिमीटर खोल. बाहेरच्या धाग्यावर चिकटवलेला गोंद त्या धाग्यातून झिरपत मुळापर्यंत जात नाही. बरं काम करणारी बाई तर तो टाळूपासून बोटभर अंतर सोडूनच लावते.

मग केस जातात कशाने? ताणाने. पूर्ण डोक्याला लावलेल्या एक्स्टेन्शनचं, म्हणजे या जोडकेसांचं, वजन साधारण १०० ते २०० ग्रॅम भरतं. केस पाणी शोषतो, त्यामुळे न्हाल्यावर ते आणखी वाढतं. एक निरोगी केस सुमारे १०० ग्रॅम वजन सहज पेलतो हे खरं, पण इथे प्रश्न केस तुटण्याचा नाहीच, मुळाला दिवसरात्र बसणाऱ्या ओढीचा आहे. खाडीत खुंटाला बांधलेल्या होडीचा दोर तुटत नाही, पण भरती-ओहोटीच्या हिसक्यांनी खुंट मात्र सैल होतो, तसंच हे.

त्यात केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे टाळूजवळ लावलेला जोड दोन-तीन महिन्यांत खाली सरकतो, लोंबकळतो, झोपेत पीळ खातो, शेजारच्या केसांत गुंततो. पहिल्या आठवड्यात काही होत नाही म्हणून बायका निर्धास्त होतात, आणि खरा त्रास सुरू होतो तो तिथून पुढे.

हे माझं म्हणणं म्हणून सोडून देऊ नका. ताणाने पडणाऱ्या टकलाचं पहिलं वर्णन १९०७ सालचं आहे, आणि ते ग्रीनलंडच्या स्त्रियांचं. त्या केस करकचून ओढून डोक्यावर बांधत, आणि कपाळाच्या कडेने केस विरळ होत. १९८९ साली कंवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शीख पुरुषांमधल्या अशाच टकलावर लिहिलं. तिथे कारण होतं घट्ट बांधलेला जुडा. केप टाउनच्या डॉ. नॉनहलानहला खुमालो यांच्या संशोधनात वेण्या घालताना दुखणं आणि पुढे टक्कल पडणं यांचा संबंध दिसतो. ग्रीनलंडमध्ये कोणता गोंद होता? आणि जुड्याला कोण गोंद लावतं?

इतकं खोलात शिरायचं कारण, या गैरसमजापायी मुली आगीतून फुफाट्यात पडतात. गोंद नको म्हणून त्या शिवून घेण्याचा प्रकार निवडतात. त्यात आधी टाळूला चिकटून बारीक, घट्ट वेण्या घालतात आणि त्यांवर केसांची पट्टी दोऱ्याने शिवतात. गोंदाचा थेंबही नाही, आणि ताण मात्र भरपूर. “दोन दिवस दुखेल, मग सैल होईल” असं पार्लरमध्ये हसत सांगितलं जातं. दुखतंय याचा अर्थ मूळ ओढलं जातंय. ते सोसायचं नसतं, लगेच सैल करून घ्यायचं असतं.

इथे कुणीतरी म्हणणारच, आमच्या आजीने गंगावन लावलं, तिचे केस कुठे गेले? आजीचं गंगावन सणासुदीला अंबाड्यात किंवा वेणीत गुंफलं जायचं आणि रात्री खुंटीवर जायचं. तेच गंगावन तीन महिने डोक्यावर राहिलं असतं तर आजीच्याही कानशिलावरचे केस विरळ झाले असते.

आता तो पुराव्यादाखल दाखवला जाणारा पुंजका. एक्स्टेन्शन काढल्यावर हातात मूठभर केस येतात आणि किंकाळी उठते, “बघ, गोंदाने उपटले!” जरा थांबा. प्रत्येकाच्या डोक्यावरून दिवसाला ५० ते १०० केस गळतच असतात. एरवी ते कंगव्यात, उशीवर, मोरीच्या जाळीत जातात. जोडात अडकलेले गळूनही जागेवरच राहतात आणि दोन महिन्यांची शिल्लक एकदम हाती येते. पुंजक्यातले पाच-सहा केस उजेडात धरून पाहा. टोकाला गव्हल्याहून बारीक पांढरट गाठ असेल तर तो बहुधा आयुष्य संपून गळलेला केस. टोकाला काहीच नसेल, केस आखूड आणि तुटका असेल, तर तो मोडलाय, आणि बहुतेक वेळा काढताना मोडलाय.

काढणं हीच दुसरी खरी धोक्याची जागा. टेपने चिकटवलेल्या केसांचा गोंद अल्कोहोलच्या द्रावणाने किंवा तेलाने सुटतो, गरम चिमट्याने बसवलेला जोड अ‍ॅसिटोनसारख्या द्रावणाने मऊ करून चिमटीत मोडावा लागतो. वेळखाऊ काम आहे. तो वेळ वाचवायला घरी बसून ओढाओढ केली की वरच्या थरासकट केस सोलला जातो.

गोंद अगदी साधू आहे असंही नाही. काही गोंदांत लॅटेक्स असतं. केस चिकटवल्यावर लॅटेक्सच्या अ‍ॅलर्जीने जिवावर बेतल्याची नोंद २००२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी ज्यांना खाज सुटते, त्यांनी हे आधी सांगावं. आणि हार्डवेअरच्या दुकानातला गोंद कुणीही डोक्याला लावू नये, हे २०२१ साली अमेरिकेतल्या टेसिका ब्राउनने जगाला दाखवलं. तिचे केस सोडवायला शस्त्रक्रियातज्ज्ञ लागला.

बाकीच्या समजुती एकेका ओळीत. केराटिन बॉण्डने, म्हणजे गरम चिमट्याने बसवलेल्या जोडाने, केसांना पोषण मिळतं? मेलेल्या धाग्याला जेवण घालता येत नाही. खोटे केस मढ्याचे असतात? नाही, तिरुपतीला नवसाने उतरवलेल्या केसांचा लिलाव देवस्थान करतं आणि त्यातून वर्षाला १०० कोटींहून जास्त मिळवतं, शिवाय ‘केसांवर भांडी’ ओरडत फिरणाऱ्यांकडे जमलेला गुंतवळही याच धंद्यात जातो. खाऱ्या वाऱ्याने गोंद विषारी होतो? वाऱ्याने फक्त गुंता होतो. खोबरेल आता कायमचं बंद? जोडावर लावू नका, तो सुटेल. टोकांना खुशाल लावा. खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी होते, असं मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले यांनी २००३ साली दाखवलं. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हेही लक्षात असू द्या.

ज्यांचे केस आधीच गळतायत, बाळंतपण किंवा मोठा ताप नुकताच होऊन गेलाय, त्यांनी तूर्त थांबावं. लावलेच असतील तर कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेवर नजर ठेवा: बारीक पुटकुळ्या, लाली, विरळ होत गेलेली कड. एवढ्यावर जोड उतरवले तर केस बहुधा परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर टाळूवर व्रण धरतो आणि मग कुठलाही डॉक्टर ते परत उगवून देऊ शकत नाही. एका लग्नापुरतेच हवे असतील तर क्लिपचे घ्या आणि रात्री काढून ठेवा. गोंदाचेच हवे असतील तर पार्लरमध्ये लावण्याचा दर विचारताना काढण्याचा दर आणि काढण्याची तारीखही ठरवून घ्या, सहा ते आठ आठवड्यांच्या आतली.