आटवलेल्या आकड्याचा हिशेब

आटवणे म्हणजे काय, हे तासगावकरांना शिकवायला नको. सुमारे चार किलो द्राक्षे वाळली की किलोभर बेदाणा होतो. पाणी जाते, साखर राहते. फवारलेल्या औषधाचा जो अंश टिकतो, तोही दाटतो.

रसायनशाळेतही हेच चालते. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा. इतका सूक्ष्म अंश यंत्राला दिसावा म्हणून द्राक्षांचा अर्क आटवतात. पाच मिलिलिटरचा एक केला, तर आलेला आकडा पाचाने भागावा लागतो. उलट अंश फार असला की यंत्राचे माप अपुरे पडते. मग अर्क दहापट पातळ करून आकड्याला दहाने गुणतात. भागायचे राहिले तर निर्दोष माल दोषी ठरतो. गुणायचे राहिले तर दोषी माल सुटतो.

२०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशापायी भारतातली द्राक्षे युरोपात अडली. तेव्हा बागाईतदाराची आणि पेट्या भरणाऱ्या बायांची भाकरी अशाच आकड्यांवर टांगलेली होती.

आम्ही कामगारांना पगारपत्रक वाचायला शिकवले: नुसती हाती आलेली रक्कम पाहू नका, कपात पाहा. अहवालाचेही तसेच. किती पट आटवले, किती पट पातळ केले, आणि हिशेब परत फिरवला का, एवढे विचारायला पदवी लागत नाही.