भाग : श्वास मोजणारी माणसं

पॅरामेडिक म्हटलं, की आपल्याला 108 ची गाडी आणि गणवेश दिसतो. पण व्यावसायिकपणा म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं, तर मी गडचिरोलीच्या आरोग्यदूतांचं नाव घेतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 मध्ये 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग सुरू केला. शिकवलं गावातल्याच बायकांना.

काय शिकवलं? ‘बाळाला धाप लागलीय’ एवढ्यावर थांबायचं नाही. पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे 60 किंवा जास्त भरले, की धोका. मग आकडा वहीत लिहायचा, आणि ती वही दुसरं कुणीतरी तपासणार हे मान्य करायचं.

तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं.

अंदाज चुकला तर रात्रीतून बाळ जातं, आणि दवाखाना जंगलापलीकडे. म्हणून मला वाटतं, प्रशिक्षणात गणवेशाआधी घड्याळ आणि वही हातात द्यावी. कुणी बघत नसतानाही पूर्ण मिनिट मोजतो, तो व्यावसायिक.