मसुद्यातील एक विशेषण

आंतरराष्ट्रीय समितीत देशाचे हित कित्येकदा एका विशेषणावर अवलंबून असते. जुलै १९४४ मधील ब्रेटन वूड्स परिषदेचे उदाहरण पाहा. या ४४ राष्ट्रांच्या परिषदेतील भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर, रायगडच्या परिसरातील नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत ‘अविकसित’ देशांच्या साधनसंपत्तीच्या अधिक पूर्ण उपयोगाचा उल्लेख असावा, असा भारताचा आग्रह होता. अंतिम मसुद्यात मात्र ‘सर्व’ सभासदांच्या उत्पादक साधनसंपत्तीचा विकास, अशी शब्दयोजना झाली. ‘सर्व’ या शब्दाने अर्थाची व्याप्ती वाढली. परंतु कच्चा माल पुरवणाऱ्या गरीब देशांची निकड त्यात विरून गेली. म्हणूनच मसुद्यातील शब्दांची पारख हा वाटाघाटींच्या पूर्वतयारीचा गाभा ठरतो.

स्वाध्याय : वरील दोन विशेषणांतील अर्थभेद स्पष्ट करा.